बिनपिठाचा केक

मी पहिलं अंडं फोडलं तेव्हा माझी मुलगी पुण्यात नोकरीला लागलेली होती. एवढं वय होईपर्यंत बाईनं अंड्याला हात लावला नाही हे कुणाला खरं वाटायचं नाही, पण आमच्याकडे त्यात विशेष काही नव्हतं. माहेर लिंगायत, सासरही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंडं म्हणजे दुकानाच्या काउंटरवर पुठ्ठ्याच्या खाचांत ठेवलेली, लांबून बघायची वस्तू. त्याच्या शेजारचा साबण घेतानासुद्धा मी हात जरा वळसा घालून न्यायची.

माझे मालक रेल्वेत. मालगाडीचे गार्ड. आम्ही पूर्णेला राहतो, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. या गावात निम्मी माणसं रेल्वेची आणि उरलेली रेल्वेच्या माणसांना काहीतरी विकणारी. ड्यूटीला वेळकाळ नाही, जेवणाला तर नाहीच. त्यात भाकरीवर जीव. शेवटी व्हायचं तेच झालं. सारखी तहान, सारखा थकवा, म्हणून परभणीला डॉक्टरांकडे गेलो आणि रक्त तपासलं तर साखर.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत होते.

"सकाळी काय खाता?"

"भाकरी," मालक म्हणाले.

"आणि भाकरीसोबत?"

मालकांनी विचार केला. "सोबत... कधी चपाती."

डॉक्टरांनी सांगितलं, सकाळची भाकरी बंद, पोहे बंद, उपमाही नको. पीठ आणि साखर जितकी कमी तितकं बरं. पोटभर काहीतरी हवं, म्हणून मग विचारलं, "अंडी खाता का?"

मी लगेच नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडे गेलं. हे वर पंख्याकडे बघत होते.

"घरी न्हाई," ते पंख्याला म्हणाले.

"मग?"

"ड्यूटीवर. म्हणजे... गाडी उभी असली की."

आता मालगाडी म्हणजे काय असते? उभीच असते की! प्रत्येक पॅसेंजरला वाट देत, प्रत्येक सिग्नलला टेकत उभी असते ती. माझ्या डोळ्यांपुढे एवढ्या वर्षांतल्या सगळ्या उभ्या गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्यात हे, हातात आम्लेट घेऊन. मी चिडायला पाहिजे होतं. पण मला हसू फुटलं, आणि असं फुटलं की डॉक्टरांनी पेन खाली ठेवून माझ्यासाठी पाणी मागवलं. हे बिचारे चोरासारखे बसलेले. परत येताना बसमध्ये मी मधूनच विचारायची, "अन् लिंबगावला गाडी उभी हुती का कधी?" आणि हे खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "गप बस गं, लोक बघायलेत."

घरी सासूबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "डाक्टरनं सांगितलंय तर खा. मी काय तुज्या नरड्यावर बसायले का? पण माज्या घरात अंडं येणार न्हाई. भांडं न्हाई, वास न्हाई. अन् खाऊन आलास की आधी भायेरच्या मोरीत अंघोळ."

प्रकरण एवढ्या सहज मिटेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून हे स्टेशनबाहेरच्या गाड्यावर जाऊन उकडलेली अंडी खाऊन यायचे, मिशीला मिरपूड लागलेली असायची, आणि अंगणात थंडीत बादली ओतून घेताना शिवहर शिवहर करत ओरडायचे.

पण महिना होत नाही तोच यांचं तोंड वाकडं व्हायला लागलं. "उकडलेलं अंडं म्हंजे औषधाची गोळीच हाय," म्हणायचे. "फकस्त मोठी." गाड्यावरचं आम्लेट तेलात पोहायचं, ते डॉक्टरांनी नको म्हटलेलं.

मग एका दुपारी मुलीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुणी बाई अंडी फेटते, त्यात पालक, कांदा, पनीर घालते, ट्रेमध्ये ओतते आणि भट्टीसारख्या डब्यात ठेवते. बाहेर काढते तर पिवळाधमक फुगलेला केक! सुरीनं चौकोनी वड्या पाडते आणि सकाळच्या उन्हात टेबलावर मांडते. यांनी चष्मा लावून तो व्हिडिओ बघितला. मग परत बघितला. मग मला चहाचं आधण उतरवून ठेवायला लावून दाखवला.

"बघ, बघ, आता कापायली. पीठच न्हाई गं ह्याच्यात! कणभर न्हाई! साखर न्हाई, मैदा न्हाई, अन् केक हाय!"

केक म्हणजे या माणसाचा दुसरा जीव. साखर निघाल्यापासून बेकरीच्या काचेसमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे. त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मलाही काहीतरी व्हायला लागलं. म्हटलं, करायचंच. आता मी अंडं खात नाही, घरात अंडं येत नाही, ओव्हन आमच्याकडे नाही आणि असता तरी त्यात अंडं गेलं नसतं. पण करायचंच.

उत्तर दिवाळीच्या नानकटाईत सापडलं. आमच्याकडे नानकटाई घरी मळायची आणि ट्रे घेऊन बाजारामागच्या बेकरीत भाजून आणायची, ही पद्धत. त्या बेकरीवाल्या भाईंशी यांची जुनी दोस्ती. ड्यूटीला निघताना खारी तिथूनच घ्यायचे. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, सासूबाईंची अट सांगितली आणि फोन पुढे धरला.

भाईंनी व्हिडिओ बघून डोकं खाजवलं. "गार्डसाब, इस भट्टीत पाव भाजले, खारी भाजली, तुमची नानकटाई भाजली. पर बिगर आटे का केक?" मग भट्टीकडे असं बघितलं जणू तिलाच विचारताहेत. "हौ, करके देखेंगे की."

त्यांची बायको, जिला मी भाभी म्हणते, मागच्या दारात उभी होती. ती पुढे येऊन म्हणाली, "ताई, रविवारी सकाळी या. पाव निघाले की भट्टी रिकामीच असती. भांडी माजी घ्या, तुमच्या घरातलं काय बी आणू नका. आजीला कशाला तरास?"

त्या रविवारी आम्ही दोघं सकाळी घराबाहेर पडलो तेव्हा मला लग्नानंतर पहिल्यांदा पिक्चरला निघाल्यासारखं वाटत होतं. मी चांगली साडी नेसले होते, का कुणास ठाऊक. हे तर दाढी करून आले होते. वाटेत पालकाच्या दोन जुड्या, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि डेअरीतून पनीर घेतलं. अंडी यांनी घेतली, आणि मी दोन पावलं लांबून चालले.

भाभीच्या मागच्या ओट्यावर बसून मी पालक बारीक चिरला, कांदा चिरला, पनीर कुस्करलं, हळद काढली. इथपर्यंत माझं राज्य. मग भाभीनं एक मोठं पातेलं पुढे सरकवलं आणि अंड्यांचा पुठ्ठा त्याच्या शेजारी ठेवला.

"फोडा," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय मी? केक तुमचा हाय."

मी एक अंडं उचललं. गार होतं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. आता मला जन्मात फोडायची सवय एकाच वस्तूची, नारळाची. मी देवाचं नाव घेतलं, हात वर नेला आणि ओट्याच्या कडेवर दाणकन आपटलं.

ते अंडं पातेल्यात सोडून सगळीकडे गेलं. यांच्या दाढी केलेल्या गालावर गेलं. भिंतीवर गेलं. भाभी पदर तोंडात कोंबून खाली बसली.

"लय मोठा सिग्नल तोडलास," हे गाल पुसत म्हणाले.

दुसऱ्या अंड्याला मी इतकी घाबरले की नुसती टकटक करत बसले. कडेवर हलकेच टक, परत टक. भाभी म्हणाली, "ताई, दार वाजवायलाव का? आतून कुणी उघडणार न्हाई."

झालं. मग माझ्या हातात काही राहिलंच नाही. आम्ही तिघं त्या ओट्यावर असे हसलो की भाई हातातलं सोडून बघायला आले, आणि काय झालं ते कुणालाच नीट सांगता येईना. हसता हसताच मी जरा जोरात ठोका दिला, भाभीनं सांगितल्यासारखे दोन्ही अंगठे फटीत घालून उघडलं, आणि आतला पिवळा गोळा अख्खाच्या अख्खा पातेल्यात उतरला. इतकी गोल, इतकी तकतकीत पिवळी वस्तू माझ्या हातून निघाली यावर माझा विश्वास बसेना. "बघितलं का?" मी म्हणाले. "फुटला न्हाई!" पुढची सगळी मी फोडली. कुणाला हात लावू दिला नाही.

मीठ हा एक प्रश्न होता. मी चाखणार नव्हते, आणि न चाखता मी आजवर काही केलेलं नव्हतं. भाभी म्हणाली, "नमक मेरेकू सोडा." तिनं कच्च्यातच बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि अजून चिमूटभर टाकलं.

त्या दिवशीचा केक जळाला. पाव नुकतेच निघालेले, भट्टी आतून लालबुंद. भाईंनी लांब दांड्याच्या फळीवर ट्रे ठेवून आत सरकवला आणि आम्ही गप्पा मारतोय तोवर वास आला. वरून कोळसा, आतून पाणी. मला रडू यायचंच बाकी होतं. पण यांनी चमचा मागितला, काळी साल बाजूला केली, मधलं पातळ सोडलं आणि कडेकडेनं खायला लागले. "कडा भारी झाल्यात," म्हणाले. "खरंच. कडा एक नंबर." ट्रेच्या चारी बाजू फिरून फिरून कडा खाल्ल्या त्यांनी. त्या माणसाकडे बघून मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही शहाणे झालो होतो. भट्टी जरा निवेपर्यंत थांबलो. ट्रेवर दुसरा ट्रे पालथा घातला. मग थोड्या वेळानं भाईंनी वरचा ट्रे काढून घेतला आणि भट्टीच्या तोंडाशी वाकून बघायला लागले. बघता बघता ते एकदम सरळ झाले.

"अरे! अरे, उठरा! देखो!"

आम्ही धावलो. भट्टीच्या अंधारात, मागच्या निखाऱ्यांच्या उजेडात ते हलत होतं. खरोखर हलत होतं. आधी कडा वर आल्या, मग मधला भाग श्वास घेतल्यासारखा फुगायला लागला. ट्रेच्या काठावर आला. काठ ओलांडला. हिरव्या पालकाचे ठिपके ताणून लांब झाले. "फुगलं! फुगलं!" हे ओरडायला लागले. पाव घ्यायला आलेली माणसं काय झालं म्हणून आत डोकावली, त्यांनाही दिसलं, तीही "फुगलं की!" म्हणायला लागली. मी टाळ्या वाजवत होते. मला आठवत नाही, पण पुढं सगळ्या गावानं मला ते सांगितलं.

भाईंनी फळीवरून ट्रे बाहेर काढला. सोन्यासारखा रंग, उशीएवढी उंची. ओट्यावर ठेवला आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते हुस्स करून खाली बसलं. यांचं तोंड त्याच्याबरोबर खाली गेलं.

"गेला," हे म्हणाले.

"कुठं गेला? हितंच हाय," भाभी म्हणाली आणि सुरी घेतली.

कापल्यावर आत सगळं शिजलेलं, मऊ, वाफाळतं. यांनी पहिली वडी खाल्ली आणि डोळे मिटले. शेवटी भाईंनी विचारलं, "गार्डसाब, कैसा है?" यांनी डोळे न उघडता हात वर केला, थांबा म्हणून, गाडी थांबवतात तसा. मग भाईंनी खाल्लं, भाभीनं खाल्लं, पाव घ्यायला आलेल्यांनी खाल्लं. भाभीनं एक वडी माझ्याकडेही धरली. मी नुसता वास घेतला आणि नको म्हटलं, तिनंही परत विचारलं नाही. मला खाण्याची गरजच वाटत नव्हती. माझं पोट भरल्यासारखं झालं होतं.

मग आमचे रविवार ठरूनच गेले. कधी मेथी, कधी सिमला मिरची, एकदा यांच्या हट्टापायी शेपू, जो भाईंनी थुंकला. शेवटच्या तपासणीला डॉक्टर कागद बघून म्हणाले, "उतरतेय. काय करताय?" हे छाती काढून म्हणाले, "केक खायलोय." डॉक्टरांच्या तोंडावरचा रंग उडाला तेव्हा मी घाईघाईनं सगळं समजावलं.

पण मला सांगायचंय ते सासूबाईंचं.

टाळ्यांची बातमी त्यांच्यापर्यंत कुणीतरी पोचवली. एका संध्याकाळी मी वाती वळत होते, हे बाजेवर पडलेले, आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "काय फुगतंय म्हणं तितं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हे उठून बसले आणि हातांनी दाखवायला लागले. "आई, असं एवढंसं असतंय. मग असं हळूहळू... एवढं हुतंय!"

"पुरीवाणी?"

"पुरी गपकन फुगती. हे उशीवाणी. दम खात खात."

"मग?"

"मग भायेर काढलं की बसतंय."

"का बसतंय?"

यांनी दोन्ही हात परत हळूहळू खाली आणून दाखवले. शनिवारी झोपायच्या आधी मला म्हणाल्या, "उद्या मला बी यायचंय."

माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं असं मला वाटलं.

"खाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "शिवणार न्हाई. बघणार."

रविवारी आम्ही रिक्षा केली. सासूबाईंनी कपाळभर विभूती लावली होती, इरकल नेसल्या होत्या, नाकाला पदर आणि हातात घरच्या पाण्याची बाटली. बेकरीच्या दारात उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. भाभीनं आतून खुर्ची आणली, ती पुसली, परत पुसली, तिच्यावर नवा कोरा टॉवेल अंथरला आणि भट्टीपासून लांब, दाराच्या वाऱ्यात ठेवली. "आजी, हितं बसा. हितं वास येत न्हाई." सासूबाई बसल्या. भाभीचा गुडघा दुखतो हे त्यांना चालण्यावरूनच कळलं, मग दोघींचं गुडघ्यांवरून जे सुरू झालं ते मी पालक चिरून होईपर्यंत चाललं. अंडी मी त्यांच्याकडे पाठ करून फोडली. तरी मला ठाऊक होतं, त्या मान तिरपी करून बघताहेत.

ट्रे आत गेला. झाकण काढलं. भाईंनी आवाज दिला, "आजी, शुरू हुआ!"

सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "दिसायलंय मला." पण काही दिसत नव्हतं, म्हणून त्या उठल्या. एक पाऊल पुढे आल्या. मग अजून एक. हे म्हणाले, "आई, वास येईल." त्यांनी ऐकलं नाही. भट्टीच्या तोंडाशी येऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून त्या वाकल्या, आणि त्यांच्या नाकावरचा पदर कधी घसरला ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "उठायलंय ते."

"आजी, पीछे, झळ लागती," भाई म्हणाले.

"लागू दे. सरक तू. आरं, ह्या कोपऱ्यात बघ, हितलं मागं राहिलंय... आलं, आलं, ते बी आलं!"

त्या दिवशी ते इतकं फुगलं की मीच बघत राहिले. भाईंनी फळी घालून सावकाश बाहेर काढलं, देवाची पालखी आणावी तसं आणलं, ओट्यावर ठेवलं आणि ते आपलं नेहमीसारखं हुस्स करून बसलं. सासूबाईंच्या तोंडून "आऽऽ" असा लांब आवाज निघाला आणि त्या हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी. भाभीनं त्यांना धरलं नसतं तर खाली बसल्या असत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. यांनीही नसावं, कारण हे चमचा हातात घेऊन तसेच उभे होते.

हसू ओसरल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भाईंना म्हणाल्या, "परत टाका आत."

"जी?"

"परत फुगतंय का बघू."

"आई!" हे म्हणाले. "मला खाऊ दे की! भूक लागलीय!"

"थांब जरा. तुला काय गाडी सोडायचीय का?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे, आणि मग भाईंनी ट्रे उचलून परत आत सरकवला. आम्ही पाचही जण, म्हणजे खरं तर दारातली दोनतीन गिऱ्हाइकं धरून त्याहून जास्त, डोकी एकमेकांना चिकटवून वाकलो. काही होईना. मग मधोमध एक बुडबुडा आला. मग एक बाजू उचलली गेली, नंतर दुसरी. पहिल्याइतकं नाही, पण फुगलं! परत फुगलं! सासूबाईंनी टाळी वाजवली, आणि हातातली बाटली भाभीच्या पायावर पडली.

हे त्यातली एक वडी कितीतरी वेळ चावत होते.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"चिवट," हे भरल्या तोंडानं म्हणाले.

"हुईलच. दोनदा भाजल्यावर."

परतताना रिक्षात सासूबाई मध्ये बसल्या होत्या. स्टेशनच्या फाटकापाशी रिक्षा थांबली, समोरून एक लांबलचक मालगाडी रांगत चालली होती, आणि त्या पुढे वाकून रिक्षावाल्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागल्या. भट्टी केवढी, ट्रे केवढा, कसं उठलं, कसं बसलं, परत घातल्यावर कसं परत उठलं. तो बिचारा मागं वळून वळून हो ला हो करत होता.

"अंड्याचं हुतं ते," त्या शेवटी आवाज खाली करून म्हणाल्या. "पण आपण खाल्लं न्हाई बरं का. आपण नुसतं बघितलं."

"बघायला काय हरकत हाय, मावशी," रिक्षावाला म्हणाला. फाटक उघडलं आणि त्यानं रिक्षा सुरू केली.